नापासाचे पेढे

विमलमामीच्या दारातून कुठलाही साहेब आला तसा सरळ परत गेलेला मी अजून पाहिला नाही. मागं एक पोरगा सर्वे करायला आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. त्यानं विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" मामी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसं तीन. मी, सून आन नात. बाकी गडी हायत. त्यांला माणसात धरायचं का न्हाई, ते तुज्या सायबाला इचार." पोरगा बिचारा मोबाईलकडं बघत उभा राहिला. त्यात तसलं बटणच नव्हतं. शेवटी मामीनंच त्याला पाणी दिलं, अर्धी भाकरी खाऊ घातली आणि खरा आकडा सांगून वाटेला लावलं.

मी सुनिता. मामीच्या घराला भिंत लागून माझं घर. केजच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथल्या शाळेत मी खिचडी शिजवते. माझं तोंड फाटकं आहे असं लोक म्हणतात. म्हणू द्या. रोज एवढ्या पोरांना ओळीत बसवून बघा, तुमचंही फाटेल.

मामी माझी नात्यानं कोणी नाही. पण लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सासू वराडली का खोकल्याचं निमित्त करून भिंतीवर दोन थापा मार. मी येते." आणि यायची. सासूला कुठल्यातरी गोष्टीत असं गुंतवून टाकायची की वरडायचं काय होतं तेच ती विसरायची. निम्मी उमर उसात गेली बाईची. गुडघे बोलायला लागले तेव्हा कोयता ठेवला. आता लेक अभिमन्यू आणि सून मंजुषा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात, दिवाळीच्या आगंमागं ट्रॅक्टरवर बसून, ते पार उन्हाळा लागेपर्यंत. नात ईश्वरी मामीजवळ राहते.

ईश्वरी नऊ वर्षांची, तिसरीत. हसरी पोर. पण अक्षर काही तिच्या डोक्यात टिकत नव्हतं. आज 'क' ओळखला, तर उद्या तो 'क' कोण कुठला पाहुणा! झग्याचं खालचं बटण वरच्या काजात. दोन कामं एकदम सांगितली की दोन्ही विसरायची आणि दारात उभी राहून गोड हसायची. वर्गातली पोरं तिला 'येडी इशी' म्हणायची आणि मी खिचडीचा डाव घेऊन त्यांच्या मागं लागायची. सर एकटे, वर्ग दोन. ते तरी कुठं कुठं बघणार? ईश्वरी आपली भिंतीला टेकून बसलेली असायची, शाळा सुटेपर्यंत.

यंदा दसरा झाला आणि अभिमन्यूनं विषय काढला. "आई, शाळंत तिच्याकडं बगणारं कोणी असंल तर ऱ्हाऊ दे तिला. नुसतं भिताडाला टेकून बसायचं असंल तर मी संगट नेतो. बारक्या भावाला तरी संभाळील." तो काही वाईट बाप नाही. लेकीला कोणी येडी म्हणलेलं त्याला ऐकवत नव्हतं, म्हणून ती डोळ्यासमोर असावी असं त्याला वाटायचं. पण उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहायला गेलेलं लेकरू परत शाळेत कसं येतं ते मामीला चांगलं माहीत होतं. येत नाही. अभिमन्यू स्वतःच आला नव्हता. त्या दिवशी मामी एक चेष्टा करीना. मला तर भीतीच वाटली.

आता आमच्या सरांचं सांगते. त्यांचं नाव धर्मराज, आणि सवयही नावासारखीच. अर्धं वाक्य बोलायचं, अर्धं खिशात ठेवायचं. एक दिवस मामीच्या दारावरून मोटारसायकलवर जाता जाता म्हणाले, "मामी, सोमवारी केजला ईश्वरीची तपासणी आहे. घेऊन जा, तिचं कल्याण होईल." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि सर कानाला फोन लावून निघून गेले.

तपासणी! आमच्या वस्तीत ह्या शब्दाचा एकच अर्थ. साहेब येणार. साहेब येणार म्हणलं की शाळेत चुना मारायचा, पोरांकडून पाढे घोटून घ्यायचे, आणि साहेबानं बोट दाखवलं की पोरानं फाडफाड बोलायचं. घरी साहेब येणार असला तरी तेच. कोणाच्या खुर्च्या, कोणाचे कप, आणि माझा स्टीलचा ट्रे. तो ट्रे वस्तीतल्या इतक्या घरांत फिरलाय की पोरी बघायला आलेले पाहुणे मला विचारतात, "हा ट्रे कुठंतरी बघितल्यावानी वाटतो." साहेबापुढं लाज जाऊ द्यायची नाही, एवढा एकच कायदा आम्ही न चुकता पाळतो.

मामीनं पदर खोचला. "सुनिते, तपासणीत पास झाली का पोरगी वाचली बग. अभिमन्यूच्या तोंडावर मारते सायबाचा शेरा." मग ती गेली हनुमानकडं. हा हनुमान केजला काळी-पिवळी जीप चालवतो. असल्या तपासणीच्या शिबिराला आई-बापांना तोच नेतो, आणि लेकरं आत असेपर्यंत खिडकीला लटकून फुकटचा तमाशा बघतो. साहेब काय विचारतात ते त्याला तोंडपाठ. मामीनं त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि सगळे प्रश्न ओळीनं काढून घेतले. मोठमोठ्या परीक्षांचे पेपर फुटतात म्हणे. आमच्या वस्तीत पेपर फुटला तो पिठल्यावर.

मग सुरू झाली शिकवणी. मामी भाकरी थापायची, ईश्वरी समोर बसायची. एका थापेला एक उत्तर. तुझं नाव काय? थाप. ईश्वरी अभिमन्यू तिडके. बापाचं नाव? थाप. अभिमन्यू. गाव? थाप. वस्ती, तालुका केज, जिल्हा बीड. चित्रातलं जनावर? थाप. बैल. रंग? थाप. लाल. बोटं किती? थाप. पाच. पोरीला अक्षर येत नव्हतं पण ताल पक्का. दोन्ही हातांनी हवेत भाकरी थापत अशी काही सुटायची की मी भिंतीपलीकडून टाळ्या वाजवायची. परातभर भाकऱ्या उरायला लागल्या. वस्तीतल्या कुत्र्यांनी त्या दिवसांत बाळसं धरलं.

सोमवारी मी खिचडीला अडकले होते. काय झालं ते हनुमाननं सांगितलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ईश्वरी सुरू. साहेब 'नाव' म्हणेपर्यंत पोरगी 'जिल्हा बीड'वर पोचलेली. साहेब खूश. सकाळपासून रडणारी लेकरं बघून ते कंटाळले होते. "शाबास!" म्हणाले, पोरीच्या डोक्यावर हात फिरवला, आणि मामीला म्हणाले, "आजी, हुशार आहे की पोरगी. हिला काही गरज नाही." पुढचं लेकरू आत, मामी बाहेर.

वस्तीत साखर वाटली. माझ्याच ट्रेमधून. मामी घरोघर सांगत सुटली, "सायब म्हणला, हिला कशाचीच गरज न्हाई!" ईश्वरी तिच्या मागं मागं, दोन्ही हातांनी हवेत भाकरी थापत.

दुसऱ्या दिवशी धर्मराज सर आले. मामीनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. सरांनी तोंडात टाकली, ऐकलं, आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. "अहो मामी, पास कशाला केलं तिला? ही तशी तपासणी नव्हती! ज्या लेकराला जड जातं त्याच्यासाठी शाळेत वेगळ्या बाई येतात. विशेष शिक्षिका. आठवड्यातून दोनदा. सगळं येणाऱ्या पोरीसाठी कोण येणार आता?"

मामी सुटली. "मंग हे आधी सांगाया तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलतं? तपासणी म्हणलं का लेकरू तयार करून न्यायचं, ह्ये आमाला कोणी शिकवलं? सायब यायच्या दिवशी तुमीच न्हाई का न येणाऱ्या पोरांला म्हणत, तू आज येऊ नको म्हणून?" सर मोटारसायकलची किल्ली चाचपायला लागले. साखर तोंडात तशीच.

आणि खरा घोळ तर पुढं झाला. अभिमन्यू म्हणाला, "सायबच म्हणला ना हुशार हाय? मंग शाळंत तिला काही येत कावून न्हाई? म्हंजे आळशी हाय. आता तर नेतोच." वर्गातही तेच. पोरगी अडली की पोरं म्हणायची, "केजला तर लई बोलली व्हतीस!" येडी म्हणत होते तेव्हा निदान कोणी तिच्याकडून काही मागत नव्हतं. हुशार झाल्यापासून तिचे हाल झाले. माझं डोकं असं फिरलं होतं म्हणता! कोणावर वरडावं तेच कळेना, म्हणून मी खिचडीवर वरडले. ती करपली.

सरांना मात्र लागलं असावं. केजला चार चकरा मारून त्यांनी पुन्हा एकदा तपासणी मिळवली आणि यावेळी फोन बंद करून, दारात उभं राहून, पूर्ण वाक्यात सांगितलं. टोळी निघायच्या आदल्या दिवशीचीच तारीख मिळाली होती.

मामी म्हणाली, "हात्तिच्या, नापासच व्हायचं ना? मंग ते तर सोपं हाय." पुन्हा परात काढली. "इशे, बाईनं नाव इचारलं का गप बसायचं."

"कावून?"

"मी सांगते म्हणून."

"पर मला येतंय."

"येऊ दे. सांगायचं न्हाई. बैल दावला का म्हणायचं, ठावं न्हाई."

ईश्वरीनं मान हलवली, उठली, आणि भिंतीकडं तोंड करून बसली. "मला येतंय आज्जे. सायब शाबास म्हणलाय मला."

मामीचा हात पिठात तसाच राहिला. शाळेत घातल्यापासून त्या पोरीला पहिल्यांदा कोणी शाबास म्हणलं होतं, आणि आम्ही दोघी मोठ्या शहाण्या बायका ते परत मागत होतो. मामीनं परात उचलून ठेवली. पुन्हा तो विषय काढला नाही.

केजला यावेळी मी गेले. खिचडीला जावेला उभं केलं. एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, आई-बाप लेकरं घेऊन बसले होते, आणि टेबलामागं एक तरुण बाई. मनिषा मॅडम. ह्याच त्या विशेष शिक्षिका. त्यांच्यापुढं प्रश्नांच्या आणि चित्रांच्या कार्डांची गड्डी, वरून खाली तीच ओळ, खिडकीला लटकलेल्या हनुमानानं पाठ केलेली. ईश्वरीला नवा झगा, वेणीला लाल रिबन. ती खुर्चीवर बसली आणि बसल्याबसल्याच हात चोळायला लागली. तालात यायला लागली. मी मनात म्हणलं, संपलं. आता पोरगी पास होणार आणि उद्या ट्रॅक्टरवर बसणार.

तेवढ्यात मामी पुढं झाली. "बाई, जरा ही पिशवी ठिवू का हितं?" आणि पिशवी ठेवता ठेवता तिनं टेबलाला असा काही कोपरखळा दिला की गड्डी धाडकन खाली! वरून पंखा चालू. बैल एकीकडं, लाल रंग दुसरीकडं. "अगं बाई गं! म्हातारपण लई वाईट बगा," म्हणत मामी खाली बसली. एरवी गुडघ्यांच्या नावानं शंख करणारी बाई, त्या दिवशी लोळून कार्डं गोळा करत होती. गोळा करता करता पिसतही होती. माझ्या नवऱ्यालाही पत्ते इतके चांगले पिसता येत नाहीत, आणि त्याचा तर तोच धंदा.

मॅडमनी गड्डी घेतली आणि वरचं कार्ड दाखवलं. "हा रंग कुठला गं?"

ईश्वरीनं टेबलावर थाप मारली. "ईश्वरी अभिमन्यू तिडके!"

मॅडम थांबल्या. दुसरं कार्ड दाखवलं. बैल. "आणि हे कोण?"

थाप. "अभिमन्यू!"

सगळा हॉल हसला. खिडकीतून हनुमान सगळ्यांत मोठ्यानं. मलाही आवरेना. ईश्वरीला वाटलं शाबासकीच मिळाली, तीही खदाखदा हसली. मॅडमनी हात पुढं केला, "बोटं किती?" पोरगी जोरात म्हणाली, "वस्ती, तालुका केज, जिल्हा बीड!"

मग मॅडमनी कार्डं बाजूला ठेवली. खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

थाप. "बैल."

यावेळी कोणी हसलं नाही. ईश्वरीला कळलं की काहीतरी चुकलं. तिनं वळून मामीकडं बघितलं. मामीनं नुसते ओठ हलवले असते तरी पोरीनं उचललं असतं. मी बघत होते. मामीनं पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि मान फिरवली. साहेबापुढं घरची लाज जाऊ न देणारी बाई, चार लोकांपुढं नातीला तशीच एकटी बसू देत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. मीही रडले, लपवायचं काय त्यात!

मग मामीनं पदर सोडला. "बाई, मागल्या बारीला ही न्हाई बोलली. मीच बोलले. भाकरी थापल्यावानी थापलं म्या तिला. घरी तिला तिचं नाव येतंय हो. म्या घोटून घोटून ते बी घालवलं." नाक पुसलं आणि म्हणाली, "आन आताचे पत्ते बी म्याच पाडले."

"ते बघितलं मी आजी," मॅडम म्हणाल्या. "पिसलेत मात्र झकास."

त्या ईश्वरीला घेऊन खाली सतरंजीवर बसल्या. चिंचोके काढले, मोठी बटणं काढली. घाई नाही, वरडणं नाही. बराच वेळ लागला. पण पोरीनं मोठे चिंचोके एकीकडं केले, लहान एकीकडं, आणि त्या वेळात एकदाही मामीकडं बघितलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हळू शिकते, पण शिकते. हिचं नाव घेते मी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत येईन. भाकरीच्या तालावर डोक्यात जातंय ना, मग अक्षरंही थापून घेऊ."

मामीनं खात्री करून घेतली. "म्हंजे नापास ना बाई? पक्की नापास?"

"इथं पास-नापास नसतं आजी. कोणाला काय लागतं तेवढं बघतो आम्ही."

"ते तुमच्याकडं. आमच्याकडं ह्याला नापास म्हणतेत," मामी म्हणाली आणि तडक मिठाईच्या दुकानात शिरली.

जीपमध्ये ईश्वरीनं विचारलं, "आज्जे, मी पास का?"

"न्हाई माय. नापास. एक नंबर नापास."

पोरीचं तोंड पडलं. "मंग पेढे?"

"नापासाचेच असतेत पेढे, येडे. पासाची नुसती साखर असती. आठव की मागल्या बारीला काय वाटलं." ईश्वरीनं विचार केला. तिला पटलं. हनुमाननं तेवढ्यात पुढून एक पेढा हाणला.

वस्तीत शिरलो तर ट्रॅक्टर येऊन उभा होता. उद्या निघायची टोळी मुकादमानं आजच काढली होती. भांडी, पत्रे, ताडपत्री, शेळी, सगळं ट्रॉलीत चढलं होतं, आणि त्या सगळ्यावर ईश्वरीचं गाठोडं. मंजुषा बारक्याला कडेवर घेऊन उभी. अभिमन्यू दोर आवळत होता. आम्हाला बघून म्हणाला, "चल इशे, बस वर. उशीर झालाय."

पेढ्यांचा पुडा मामीनं पोरीच्या हातात दिला आणि पुढं ढकललं. ईश्वरी बापाजवळ गेली. "पप्पा, पेढा घ्या. मी नापास झाले."

अभिमन्यूनं दोर सोडला. वस्तीतले सगळे बघायला लागले. नापासाचे पेढे कोणी कधी बघितले नव्हते. "आई, काय चाललंय हे?"

"तुज्या लेकीला बाई मिळाली. शाळंत येणार, तिच्यासाठी. मंगळवारी आन शुक्रवारी. भिताड सुटलं तिचं," मामी म्हणाली. मग तिच्यानं राहवलं नाही. "आन आणिक एक सांगते. बैलाचं चित्र दावलं, तर पोरगी म्हणली, अभिमन्यू. अख्ख्या तालुक्यापुढं."

आधी मंजुषा हसली. मग अभिमन्यू हसला, इतका की ट्रॉलीला टेकावं लागलं. डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं का दुसरं, ते मी विचारलं नाही. पेढा तोंडात टाकला, चाकावर पाय देऊन वर चढला, आणि ईश्वरीचं गाठोडं खाली माझ्या हातात दिलं.

ट्रॅक्टर सुरू झाला. मंजुषा वरून हात हलवत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. अभिमन्यू ट्रॉलीच्या मागच्या फळीवर उभा राहून, इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "इशे! नाव काय तुजं?"

ईश्वरीनं सवयीनं मामीकडं बघितलं. मामी झटकन दुसरीकडं वळली आणि लिंबावरचे कावळे मोजायला लागली. पोरगी उभी. हात हलले नाहीत. थाप नाही, काही नाही. ट्रॅक्टर वळणाला लागला.

"ईश्वरी!" ती ओरडली. आणि जराशानं, दोन्ही हात तोंडाशी धरून, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं, "आन तुमी बैल!"

वळणापलीकडून अभिमन्यूचं हसू ऐकू आलं. मामीनं माझं मनगट घट्ट धरलं. "सुनिते," ती म्हणाली, "हे म्या न्हाई शिकवलं हां."